चार थाऊंचा हिशोब

सॅव्हेज ॲक्सिस ही अमेरिकेतली सामान्य शिकाऱ्याची रायफल. किंमत साधारण चारशे डॉलरच्या आसपास, दस्ता पोकळ प्लास्टिकचा, पॉलिश बेताचे. जिथे रिसीव्हर, म्हणजे बोल्ट आणि चाप ज्यात बसतात तो पोलादी सांगाडा, संपतो आणि नळी सुरू होते तिथे एक जाडसर कडे दिसते. महागड्या रायफलींत ही जागा गुळगुळीत असते. नळी रिसीव्हरमधूनच उगवल्यासारखी वाटते. ॲक्सिसमध्ये मात्र ते कडे उठून दिसते आणि दुकानात पाहणारे पुष्कळ लोक ते पाहूनच ‘स्वस्तातली आहे’ असे म्हणून बंदूक खाली ठेवतात. ते कडे म्हणजे एक नट आहे. ही रायफल वर्षानुवर्षे सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने तिच्यातला सर्वांत शहाणा भाग तोच, असे माझे ठाम मत आहे, कारण त्याच्यामुळे झिजलेली नळी घरच्या बाकावर बदलता येते.

नटाचे महत्त्व कळायला आधी जुनी पद्धत पाहावी लागते. १८९८ ची माउझर, १९३६ ची विंचेस्टर मॉडेल ७०, १९६२ ची रेमिंग्टन ७०० या सगळ्यांत नळीच्या आट्यांपुढे एक खांदा किंवा टेकणारी कड कातलेली असते. नळी रिसीव्हरमध्ये फिरवत नेली की ती तिथे टेकते आणि मग जोर लावून घट्ट आवळतात. नळी किती आत जाणार हे त्या टेकण्याने एकदाच ठरते. त्यामुळे काडतूस बसण्याची जागा, म्हणजे चेंबर, किती खोल कापायचे हे त्या विशिष्ट रिसीव्हरचे आणि बोल्टचे, म्हणजे चेंबर मागून बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याचे, माप घेऊनच ठरवावे लागते. चेंबर थोडे कापायचे, मोजायचे, पुन्हा थोडे कापायचे. त्यासाठी लेथ हवे, चेंबर कापणारा रीमर हवा आणि हात बसलेला टर्नर हवा. चाकणला किंवा भोसरीला मशीन शॉपमध्ये काम केलेल्यांना हे सांगायला नको. एक थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. दोन थाऊ जास्त कापले गेले की ते धातूला परत चिकटवता येत नाहीत.

१९५८ मध्ये सॅव्हेज कंपनीने मॉडेल ११० बाजारात आणली. तिचा रचनाकार निकोलस ब्रूअर. त्याने खांदा काढून टाकला. नळीवर लांब आटे दिले आणि त्यावर एक नट चढवला. सगळ्या नळ्यांची चेंबरे आधीच एकाच मापाने कापून ठेवायची. जोडणीच्या वेळी बोल्टमध्ये मापाचे गेज, म्हणजे काडतुसाच्या आकाराचा नेमक्या मापाचा पोलादी तुकडा, धरायचे, नळी त्या गेजला टेकेपर्यंत फिरवत न्यायची आणि तिथेच नट आवळून तिला धरून ठेवायचे. बस. कंपनीने हे ग्राहकाच्या सोयीसाठी केले नव्हते, कारखान्यातला कुशल हाताचा वेळ वाचवण्यासाठी केले होते. पण जी जोडणी कारखान्यात लेथशिवाय होते ती घरच्या बाकावरही लेथशिवाय होते. ॲक्सिस २०१० मध्ये ‘एज’ या नावाने आली आणि लवकरच तिचे नाव बदलले. तिने हीच रचना उचलली. पुढे रुगर अमेरिकनसारख्या इतर स्वस्त रायफलींनीही नटाचाच मार्ग धरला.

नळी बदलायची मुळात कधी? हा प्रश्न आधी सोडवावा, कारण बहुतेकांना ती बदलण्याची गरजच नसते. नळी झिजते ती मुख्यतः घशाशी, चेंबरच्या लगेच पुढे, जिथे गोळी पिळाच्या खाचांत शिरते. तिथे जळत्या वायूचा तडाखा सर्वांत जास्त असतो. पोलादाला आधी कोरड्या तळ्याच्या चिखलासारख्या बारीक भेगा पडतात, मग कडा विरघळल्यासारख्या मागे सरतात. .३०८ विंचेस्टर या काडतुसाची नळी साधारण पाच हजार फैरी चांगली चालते. .२४३ विंचेस्टरमध्ये बारीक गोळीमागे तेवढ्याच आकाराची पुंगळी, म्हणजे दारू भरलेली पितळेची नळकांडी, असल्याने नळी दीड-दोन हजारांतच थकू शकते, आणि ६.५ क्रीडमूर या दोहोंच्या मधली. हरणाच्या हंगामासाठी वर्षाला वीस-चाळीस फैरी झाडणाऱ्या माणसाची .३०८ ची नळी त्याच्या नातवालाही पुरेल.

म्हणून रायफल नेम धरत नसेल तर आधी दुसरीकडे पाहावे. दुर्बिणीच्या बैठकीचे स्क्रू ढिले असतात. रिसीव्हर दस्त्याला धरणारे दोन स्क्रू कमी-जास्त आवळलेले असतात. नळीत तांब्याचा थर बसलेला असतो. तांबे काढणारे द्रावण लावून, ब्रश फिरवून, चिंधीवर निळा डाग यायचा थांबेपर्यंत साफ केले की निम्म्या ‘मेलेल्या’ नळ्या जिवंत होतात. नळीच्या तोंडाची कड ठेचली असेल तर ती नव्याने कापून घेणे हे नवी नळी घेण्यापेक्षा कितीतरी स्वस्त पडते. एवढे सगळे करूनही नेम फाकत असेल, आत गंजाचे खड्डे दिसत असतील किंवा काडतुसाचा प्रकारच बदलायचा असेल, तर मग नळी.

नवी नळी मागवताना ‘प्री-फिट’ हा शब्द लक्षात ठेवायचा, म्हणजे आटे आणि चेंबर दोन्ही आधीच तयार असलेली. सॅव्हेजच्या नळ्यांत शँक, म्हणजे आटे असलेला मागचा भाग, दोन जाडींचा येतो. लहान शँक १.०५५ इंच व्यासाची, इंचाला २० आटे, आणि मोठी शँक १.१२० इंचाची, तीही इंचाला २० आट्यांची. ॲक्सिसला लहान शँक लागते. दुसरे पाहायचे ते बोल्टचे तोंड. .३०८ विंचेस्टर (१९५२), .२४३ विंचेस्टर (१९५५), ७ मिमी-०८ रेमिंग्टन (१९८०) आणि ६.५ क्रीडमूर (२००७) या सगळ्यांच्या पुंगळीचे बूड ०.४७३ इंचांचे, लांबीही जवळपास सारखी. त्यामुळे .३०८ ची ॲक्सिस फक्त नळी बदलून ६.५ क्रीडमूरची होते. .२२३ किंवा मोठ्या मॅग्नम काडतुसांकडे जायचे तर बोल्टचे डोके बदलावे लागते. सॅव्हेजमध्ये ते सुटे असते, आडव्या पिनने धरलेले, म्हणून बदलता येते. पण त्याबरोबर मॅगझिनचा प्रश्न येतो आणि खर्च वाढत जातो. पहिल्यांदा हात घालणाऱ्याने एकाच घराण्यातल्या काडतुसांत राहावे.

खर्चाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे. चांगली प्री-फिट नळी, दोन गेजेस, नटाचा पाना आणि नळी धरायचा व्हाइस एवढे सगळे विकत घेतले तर बेरीज रायफलच्या किमतीच्या वर जाते. एकाच नळीसाठी हा सौदा परवडत नाही. तो परवडतो तेव्हा जेव्हा अवजारे दोघा-तिघांत वाटली जातात, किंवा एकाच रिसीव्हरवर दोन-तीन नळ्या आलटूनपालटून वापरायच्या असतात. ज्याला एकदाच करायचे आहे त्याने नळी विकत घ्यावी आणि जोडणी परवानाधारक गनस्मिथकडून करून घ्यावी. त्यात काही कमीपणा नाही.

कायद्याची बाजू. अमेरिकेत १९६८ च्या संघीय कायद्याप्रमाणे क्रमांक असलेला रिसीव्हर म्हणजे बंदूक. नळी हा नुसता सुटा भाग, आणि तो बहुतेक राज्यांत टपालाने घरी येतो. रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड झाली तर मात्र ती १९३४ च्या वेगळ्या, कडक कायद्याखाली जाते. तिथल्या मराठी वाचकांसाठी एक महत्त्वाची गोष्ट: एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगता येत नाही. राज्याचा वैध शिकार परवाना जवळ असणे हा त्याला असलेल्या मोजक्या अपवादांपैकी एक. तेव्हा मित्राच्या गॅरेजमध्ये रायफलला हात लावण्याआधी आपले कागद पाहावेत. नळी भारतात आणण्याचा विचार तर मनातही आणू नये. परवान्याशिवाय ती अमेरिकेबाहेर नेता येत नाही, आणि आपल्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्रे’ या शब्दाच्या व्याख्येतच शस्त्रांचे सुटे भाग येतात. कोकणात शेती संरक्षणाच्या परवान्यावर ज्यांच्याकडे बंदूक आहे त्यांनाही दुरुस्ती परवानाधारकाकडूनच करून घ्यावी लागते. खाली जे लिहिले आहे ते अमेरिकेतल्या बाकावरचे काम आहे, ते तिथलेच समजून वाचावे.

आता जुनी नळी उतरवणे. मॅगझिन काढायचे, बोल्ट मागे ओढून चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचे, मग बोल्टच बाहेर काढून दूर ठेवायचा. काडतुसे त्या खोलीतही नकोत. दुर्बीण आणि दस्ता उतरवला की हातात रिसीव्हर आणि नळी एवढेच उरते.

कारखान्याने आवळलेला नट हट्टी असतो. इथेच सगळ्यांत जास्त रायफली खराब होतात, आणि त्या जोर कमी पडला म्हणून नव्हे तर चुकीच्या जागी लावला म्हणून. नळी धरायला साधा व्हाइस चालत नाही. नळीच्या उताराला जुळणारी ॲल्युमिनियमची किंवा लाकडाची दोन अर्धी बूच लागतात, आणि त्यांच्या आत सारंगीच्या गजाला लावतात तसली राळ भुरभुरावी लागते. नळी नटापासून दोन-तीन इंचांवर, तिच्या जाड भागात धरायची. व्हाइस बाकाला आणि बाक जमिनीला पक्का हवा. राळ नसेल तर नळी बुचांत फिरते आणि तिच्यावर गोल ओरखडे उठतात. रिसीव्हर धरायची वेळ आली तर तो पुढच्या बाजूला, आट्यांच्या कड्याजवळच धरायचा. मागच्या शेपटीला किंवा पुंगळी बाहेर पडते त्या खिडकीत पाना घालून जोर लावला तर रिसीव्हर पिळतो. डोळ्याला दिसणार नाही एवढा पिळतो, पण बोल्ट मग कधीच लोण्यासारखा सरकत नाही.

नटांचे दोन प्रकार आढळतात. काहींच्या अंगावर लांब खाचा असतात आणि त्यात पान्याचे दात बसतात. काही गुळगुळीत असतात, त्यांना भोवतून आवळणारा पाना लागतो. नळीच्या तोंडाच्या बाजूने पाहिले तर नट घड्याळाच्या उलट दिशेला सुटतो. आदल्या रात्री आट्यांच्या सांध्यावर भेदक तेल सोडून ठेवायचे. तरीही हलला नाही तर हीट गनने नट तापवायचा, हात लावला तर चटका बसेल इतपतच. गॅसची ज्योत कधीही लावायची नाही. रिसीव्हरच्या पोलादाला दिलेले पाणी त्याने उतरते, आणि ते उतरले आहे हे बाहेरून कळत नाही. पान्याला लांब पाइप लावून हळूहळू दाबत बसण्यापेक्षा पान्याच्या दांड्यावर हातोडीचा एक कोरडा ठोका जास्त काम करतो. सायकलच्या पेडलचा जाम झालेला स्क्रू सोडवणाऱ्याला हे ठाऊक असते. नट काही केल्या सुटत नसेल तर तो कापून काढणे हा शेवटचा उपाय. नट स्वस्त असतो, रिसीव्हर नाही. नट एकदा सुटला की रिसीव्हर बहुतेकदा हाताने फिरवून उतरतो.

आता ज्यासाठी हा सगळा खटाटोप, ते माप. काडतूस चेंबरमध्ये बसते तेव्हा त्याचे बूड बोल्टच्या तोंडाला लागलेले असते आणि त्याचा उतरता खांदा चेंबरच्या खांद्याला. या दोन टेकूंमधले अंतर म्हणजे हेडस्पेस. .३०८ विंचेस्टरमध्ये ते बोल्टच्या तोंडापासून खांद्यावरच्या ०.४०० इंच व्यासाच्या रेषेपर्यंत मोजतात. गो गेज १.६३० इंच. नो-गो गेज १.६३४ इंच. फील्ड गेज १.६३८ इंच. गो आत असताना बोल्ट बंद झाला पाहिजे, नो-गो आत असताना बंद होता कामा नये. फील्ड गेज हे जुन्या, वापरलेल्या रायफलीची झीज तपासण्यासाठी असते. नवी नळी बसवताना त्यावर समाधान मानायचे नसते.

गो आणि नो-गो यांत फरक चार थाऊंचा. मिलिमीटरमध्ये ०.१, जवळपास एका केसाच्या जाडीइतका. स्कूटरचे टॅपेट लावताना फीलर गेजचे पान जिभल्यांमध्ये सरकवून ‘जरा अडकतेय, पण जातेय’ म्हणणाऱ्या मेकॅनिकच्या बोटांना हे माप ओळखीचे आहे. फरक इतकाच की टॅपेट चुकले तर इंजिन खडखडते. इथे चूक झाली तर ६२,००० पौंड प्रति चौरस इंच दाबाचा वायू कुठून बाहेर पडेल हे त्या मापावर ठरते. .३०८ साठी अमेरिकन उद्योगाने ठरवलेली दाबाची मर्यादा तेवढी आहे, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या चार हजार पटींहून जास्त.

हेडस्पेस जास्त झाले की काय होते ते नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण ते एका क्षणात घडते आणि त्याचा क्रम आपल्या कल्पनेपेक्षा वेगळा असतो. फायरिंग पिन, म्हणजे काडतुसाच्या बुडावर ठोका देणारी सुई, काडतुसाला आधी पुढे ढकलते. दारू पेटते, पितळेच्या पातळ भिंती फुगून चेंबरला चिकटतात आणि तिथेच रुतून बसतात. जाड बूड मात्र फुगत नाही. ते दाबाने मागे सरकते आणि बोल्टला जाऊन आदळते. पुढचा भाग धरलेला, मागचा भाग मागे जाणारा, मग मधले पितळ ताणले जाते. बुडापासून साधारण अर्ध्या इंचावर ते पातळ होते. माप थोडेच जास्त असेल तर पुंगळीवर एक चकचकीत कडे दिसते. फार जास्त असेल तर पुंगळी तिथेच तुटते आणि वायू बोल्टच्या बाजूने, म्हणजे नेम धरणाऱ्याच्या चेहऱ्याच्या दिशेने, मागे येतो. माप कमी झाले तर धोका एवढा नाही, पण बोल्ट काही काडतुसांवर बंद होत नाही किंवा जोर लावून बंद करावा लागतो. सरसरत्या पावसात, हरीण समोर असताना, ते कळावे असे कोणालाच वाटणार नाही.

आट्यांचे गणित इथे उपयोगी पडते. इंचाला २० आटे, म्हणजे नळीचा एक पूर्ण फेरा ५० थाऊंचा. चार थाऊ म्हणजे जवळपास २९ अंश. घड्याळाचा मिनिटकाटा पाच मिनिटांत जेवढा सरकतो, साधारण तेवढे. एक थाऊ म्हणजे सात अंशांच्या थोडे वर. लेथवर जे माप तासभर घाम गाळून साधायचे ते इथे मनगटाच्या एका लहानशा हालचालीत येते. म्हणून नटाची पद्धत अडाणी आहे असे कोणी म्हटले तर मला पटत नाही. तिने अचूकता कमी केलेली नाही. टर्नरच्या हातातली अचूकता तिने आट्यांत आणि गेजमध्ये ठेवली, जिथून ती कोणालाही उचलता येते. फक्त उचलावी लागते. गेजशिवाय, ‘काडतूस बसतंय ना’ असे म्हणून केलेली जोडणी ही या सोयीची सरळ फसवणूक आहे.

बसवताना आधी बोल्ट मोकळा करायचा. फायरिंग पिनची जुळणी काढून टाकायची, कारण तिची स्प्रिंग बोल्टला जडपणा आणते आणि बोटांना खोटे सांगते. बोल्टच्या तोंडातला, पुंगळी बाहेर फेकणारा इजेक्टर स्प्रिंगच्या जोरावर गेजला एका बाजूला ढकलतो. तोही काढता आला तर उत्तम. बोल्टचे तोंड, लग (बोल्टला रिसीव्हरमध्ये अडकवणारे दात), रिसीव्हरचे आतले आटे आणि चेंबर हे सगळे ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडे करायचे. बोल्टच्या तोंडावर राहिलेला पितळेचा एक कण दोन-तीन थाऊंचा असू शकतो, आणि मग मापणारा त्या कणाचे माप घेत बसतो.

आट्यांवर अँटी-सीझचा, म्हणजे आटे जाम होऊ न देणाऱ्या वंगणाचा, पातळ थर द्यायचा, गेजवर किंवा चेंबरमध्ये नाही. नट नळीवर पुढे पूर्ण चढवून ठेवायचा. ॲक्सिसमध्ये मागचा धक्का झेलणारी पट्टी दस्त्यात बसते, म्हणून नट थेट रिसीव्हरच्या तोंडाला टेकतो. मॉडेल ११० मध्ये ती पट्टी नट आणि रिसीव्हर यांच्या मध्ये चिमटलेली असते. नट आवळताना ती किंचित फिरली तर रायफल दस्त्यात बसतच नाही, म्हणून तिच्यावर लक्ष ठेवावे लागते.

गो गेजचे बूड, पुंगळी मागे ओढणाऱ्या एक्स्ट्रॅक्टरच्या आकड्याखाली सरकवायचे, बोल्ट रिसीव्हरमध्ये घालून पूर्ण बंद करायचा आणि मग नळी पुढून फिरवत आत न्यायची. एका क्षणी ती गेजला टेकते. हे टेकणे बोटांना कळते, पोलादाला पोलाद लागल्याचा तो स्वच्छ थांबा. तिथे थांबायचे. आणखी आवळायचे नाही. नट हाताने मागे आणून रिसीव्हरला टेकवायचा आणि बोल्ट उघड-बंद करून पाहायचा. बोल्टची मूठ दोन बोटांनी, जवळपास स्वतःच्या वजनानेच खाली आली पाहिजे. मग नो-गो. आता मूठ मध्येच अडली पाहिजे. ती अडल्यावर जोर लावायचा नाही, कारण बोल्टची मूठ ही तरफ आहे आणि लग उतारावरून सरकतात. त्या तरफेने कडक पोलादी गेजसुद्धा चेंबरच्या खांद्यात रुतवता येते, आणि मग माप बरोबर असूनही नळी बिघडते.

गो गेज परत आत ठेवून, बोल्ट बंद करून नट आवळायचा. ४० ते ५० फूट-पाउंड पुरतात, मोटारीच्या चाकाचा नट आवळायला जेवढा लागतो त्याच्या निम्म्याच्या आसपास. पाना टॉर्क रेंचला सरळ रेषेत लावला तर दांड्याची लांबी वाढते आणि आकडा खोटा होतो. काटकोनात लावला तर आकडा जवळपास खरा राहतो. आवळताना दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्ध घडतात. नट फिरतो त्याच दिशेला तो नळीलाही ओढतो आणि ती आत जायला पाहते, म्हणजे हेडस्पेस कमी व्हायला पाहते. गेज आत आहे म्हणून ती जाऊ शकत नाही. दुसरीकडे नट रिसीव्हरवर रेटला की तो नळीला पुढे खेचून आट्यांमधली मोकळीक काढून टाकतो, आणि हेडस्पेस एखाद-दोन थाऊंनी वाढते. त्यामुळे आवळण्याआधी बरोबर असलेले माप आवळल्यावर बिघडलेले सापडते आणि नवखा माणूस गेजवर संशय घेतो. गेज खरेच सांगत असते. नट आवळल्यावर पुन्हा दोन्ही गेजेस लावायची. गो घट्ट लागत असेल तर नट सोडून नळी तीन-चार अंश मागे घ्यायची, नो-गोवर बोल्ट बंद होत असेल तर पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या खेपेलाच जमते असे नाही. तिसऱ्या खेपेला जमले तरी तो वेळ वाया गेलेला नसतो.

नो-गो विकत न घेता गो गेजच्या बुडावर चिकटपट्टीचे दोन थर लावण्याची युक्ती बरेच जण सांगतात. चिकटपट्टीची जाडी साधारण दोन थाऊ असते, म्हणून हिशोब जुळतो. पण पट्टी दबते, सुरकुतते, आणि प्रत्येक कंपनीची जाडी वेगळी. गो गेजवरून नळी बसवताना पडताळा म्हणून हे ठीक. शेवटचा निर्णय मी पोलादाच्या नो-गोवरच सोपवीन.

नळी बसली की बोल्ट परत जोडायचा, चाप आणि सुरक्षा-खटका रिकाम्या रायफलवर तपासायचा. मग दस्ता. नवी नळी बहुतेकदा जुनीपेक्षा जाड असते आणि ॲक्सिसच्या दस्त्याची पन्हळ बारीक. नोटेची घडी नळी आणि दस्ता यांच्या मधून रिसीव्हरपर्यंत न अडखळता गेली पाहिजे. अडत असेल तिथे लाकडी दांड्याला सँडपेपर गुंडाळून पन्हळ घासायची. पुढचा भाग लवचीक असल्यामुळे टेकूवर ठेवल्यावरही नोट जाते का ते पाहायचे. हे न केल्यास चांगली नळीसुद्धा गरम झाल्यावर नेम सोडते, आणि दोष नळीच्या कंपनीला जातो.

पहिल्या फैरी कारखान्यात भरलेल्या काडतुसांनीच झाडायच्या, डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर आवरण लावून. प्रत्येक पुंगळी उचलून पाहायची. बुडाजवळ चकचकीत कडे आहे का, प्रायमर, म्हणजे बुडातली दारू पेटवणारी टोपी, बाहेर सरकला आहे का. पेपरक्लिप सरळ करून तिच्या टोकाला लहानसा आकडा वाकवायचा आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून बुडाकडे ओढायचा. ताण आला असेल तर तिथे खळगा लागतो. असे काही दिसले तर तिथेच थांबायचे. सगळे ठीक असेल तर २५ यार्डांवर दुर्बीण जुळवून मग १०० यार्डांवर जायचे. मिशिगनमध्ये बंदुकीने हरणाची शिकार १५ नोव्हेंबरला सुरू होते. तिथल्या माणसाने हे काम ऑगस्टपर्यंत उरकावे. नळी यायला आठवडे लागतात, आणि हंगामाच्या आदल्या आठवड्यात घाईने लावलेल्या नटावर कोणी विसंबू नये.

यानंतरचे एक काम बहुतेक लोक टाळतात, आणि माझ्या मते नट आवळण्याइतकेच ते गरजेचे आहे. ॲक्सिसवर काडतुसाचे नाव नळीवर कोरलेले असते, रिसीव्हरवर नाही. जुनी नळी गेली की ते नावही गेले. तोच बोल्ट, तेच मॅगझिन, तोच दस्ता, आणि .३०८ च्या चेंबरमध्ये ७ मिमी-०८ सहज शिरते. नव्या नळीवर नाव कोरलेले नसेल तर ते गनस्मिथकडून कोरून घ्यावे. रायफल उद्या मुलाच्या, भावाच्या किंवा विकत घेणाऱ्याच्या हातात जाईल, आणि त्याला विचारायला आपण शेजारी नसू. जुनी नळी टाकून द्यायची नसेल तर तिला तेल लावून, दोन्ही तोंडे बंद करून ठेवावी आणि तिला एक चिठ्ठी बांधावी: कुठल्या काडतुसाची, किती फैरी झालेली, नट किती फूट-पाउंडांना आवळला होता आणि कुठल्या गेजेसनी मापली होती.